कल्कीचा स्वभाव आणि अव्वाचा डोळा

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पेपरात लातूरचं नाव यायचं, पण आमच्या देवणीत काही वेगळं चाललं नव्हतं. होळीच्या आतच विहिरी तळाला गेल्या. बोअर चालू केलं की आधी नुसती हवा यायची, मग गढूळ चूळभर पाणी, आणि मग मोटर बंद करावी लागायची. टँकर चौथ्या दिवशी येईल असं सांगितलेलं असायचं. तो पाचव्या दिवशी आला तरी लोक वेळेवर आला म्हणायचे.

मी अडत दुकानात हिशेब लिहितो. तेव्हाही लिहायचो. घरात मी, बायको, आणि माझी आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो. कर्नाटकाची हद्द जवळ आहे, तिकडचा शब्द घरात आला आणि राहिला. मुलगी नांदेडला कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिथे माझी धाकटी बहीण राहते, तिच्याकडे मुलीची सोय होती.

टँकरची आमच्या गल्लीची पद्धत अशी. माणसं उन्हात उभी राहायची नाहीत, घागरी उभ्या राहायच्या. सकाळी उजाडल्यावर ज्याने त्याने एक रिकामी घागर आणून कडुलिंबापासून ओळीत लावायची आणि आपापल्या कामाला जायचं. टँकर आला की घागरीच्या क्रमाने पाणी. सगळ्या घागरी प्लास्टिकच्या, एकाच बाजारातून आणलेल्या, निळ्या नाहीतर पिवळ्या. म्हणून प्रत्येकीला काही तरी खूण केलेली असे: गळ्याला चिंधी, तैलरंगाचा ठिपका, कडीला बांधलेला लाल दोरा. आणि या ओळीची राखण अव्वा करायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. कडुलिंबाखालचा ओटा तिची बसायची जागा होती, आणि ती कुणाची भीड धरत नाही हे गल्लीला माहीत होतं. माझ्या बायकोने एकदा आपली घागर दोन घरं पुढे सरकवली, तेव्हा अव्वाने ती उचलून सरळ शेवटी नेऊन ठेवली होती. त्या दिवशी आम्हाला पाणी मिळालं नाही.

पण अव्वाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा जवळजवळ गेल्यातच होता आणि डावाही दुधाळ व्हायला लागला होता. सकाळी लिंगपूजेला बसली की भस्म कपाळावर तिरकं लागायचं. भाकरी तव्यावर किती भाजली हे ती वासावरून ठरवायची. मी दिवाळीपासून ऑपरेशनचं म्हणत होतो आणि ती टाळत होती.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. आमच्या शेजारी एक बाई राहते, शिवणकाम करते, नवरा वारलेला, दोन लेकरं. जिभेची तिखट, पण कुणाच्या एका पैशाला हात लावणार नाही. तिच्या घागरीला हिरवी चिंधी होती. पलीकडच्या घरची चिंधी निळी. वाऱ्याने दोन-तीन घागरी गडगडल्या, अव्वाने त्या उचलून परत लावल्या, आणि हिरवी निळीच्या जागी गेली. हिरवी मुळात चौथी होती, ती तिसाव्याच्याही मागे गेली. टँकर हिरवीपर्यंत पोचायच्या आत संपला.

बाई मशीन सोडून धावत आली तेव्हा पाइप गुंडाळत होते. तिने घागर उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अव्वा, तुला दिसत न्हाई. दिसत न्हाई तर बसू नको हितं."

अव्वा ओट्यावरून उठून घरी आली. आमच्या घरचं त्या दिवशीचं पाणी तिने अर्धं शेजारी पोचवायला लावलं, ते बायकोने पोचवलं, आणि बाईने घेतलंही. पण बोलणं बंद झालं.

जेवताना मी परत विषय काढला. म्हणालो, "आता तरी चल. उदगीरला डोळ्यांचा दवाखाना आहे, पण ऑपरेशननंतर चेहरा धुवायला, कपडे धुवायला स्वच्छ पाणी लागतं, धूळ चालत नाही. नांदेडला बहिणीच्या नळाला अजून पाणी आहे. तिथं राहा पंधरा दिवस."

अव्वा म्हणाली, "कलकी यायलाय. तवा बगू."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. शिवरात्रीनंतर गावात सप्ताह झाला होता आणि बाहेरून आलेल्या एका महाराजांनी कलियुगाच्या अंताची लक्षणं सांगितली होती. पाणी विकत मिळेल, लेक बापाचं ऐकणार नाही, आभाळ भरून येईल आणि पडणार नाही. पांढऱ्या घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन कल्की येईल आणि सगळं नीट करील. अव्वाने लक्षणं पडताळून पाहिली होती आणि तिच्या मते सगळी लागू होती.

मी म्हणालो, "अव्वा, आपण महादेवाची माणसं. गळ्यात लिंग आहे आपल्या. विष्णूच्या दहाव्या अवताराशी आपलं काय देणंघेणं?"

"पाणी घेऊन येणाऱ्याची जात कुणी विचारतंय का?" अव्वा म्हणाली आणि ताट सारून उठली.

हे सारं मी पाहत आलो आहे. आमच्याकडे त्या वर्षी प्रत्येक जण कशाची ना कशाची वाट पाहत होता. गल्लीत एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते उदगीर जिल्हा व्हायची वाट पाहत होते. उदगीर जिल्हा झाला, देवणी त्यात गेली, की रस्ता, पाणी, मोठं सरकारी रुग्णालय, सगळं होणार. डोळ्याचंही ते तेच सांगायचे. "घाई कशाला करायलाव मालक? जिल्हा होऊ द्या. फुकटात होतंय समदं."

त्यावर अव्वाच त्यांना गप्प करायची. "लातूर जिल्हा झाला तवा बी असंच म्हणायलते. उस्मानाबादचं हेलपाटं वाचलं, एवढं खरं. बाकी काय आलं ते सांग."

म्हणजे जिल्ह्यावर तिचा विश्वास नव्हता, कल्कीवर होता. मी ठरवलं की काही झालं तरी आषाढाच्या आत तिचा एक डोळा करून घ्यायचा. कसा, ते मला माहीत नव्हतं.

परीक्षा संपवून मुलगी घरी आली. तिच्या मोबाइलमध्ये तेव्हा एक चाचणी होती. वीसेक प्रश्नांची उत्तरं दिली की माणूस सोळा प्रकारांपैकी कुठल्या प्रकारचा ते कळायचं. अंतर्मुख की बहिर्मुख, बारीकसारीक पाहणारा की लांबचं पाहणारा, डोक्याने ठरवणारा की मनाने, आखून वागणारा की वेळ येईल तसा. कॉलेजात पोरींनी एकमेकींच्या चाचण्या संपवल्या, मग मास्तरांच्या, मग देवांच्या. राम झाला, मारुती झाला. कल्कीवरून त्यांचं भांडण झालं होतं. घोडा आणि तलवार म्हटल्यावर बाकीच्या मुली त्याला सरळ लढवय्यांच्या प्रकारात टाकत होत्या आणि आमचीला ते पटत नव्हतं.

मी म्हणालो, "जो अजून जन्मलाच नाही, त्याचा स्वभाव कसा मोजणार? माप घ्यायला वस्तू तर पाहिजे."

"अप्पा, तेच तर. मी पुस्तकात बघितलं. घोड्याचा रंग दिलाय, तलवार दिलीय, कुणाच्या घरी जन्मणार ते दिलंय. स्वभावाची एक ओळ नाही. मग ज्यांना तो पाहिजे त्यांनाच विचारायचं. तो कसा पाहिजे ते."

मला ते पटलं असं नाही. पण अव्वा कल्कीचं नाव घेऊन अडून बसली आहे हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकरचा वार होता. घागरी लावून झाल्यावर ती मोबाइल घेऊन अव्वाशेजारी ओट्यावर जाऊन बसली. माझं दुकान सौदा नसल्याने उशिरा उघडणार होतं, म्हणून मीही तिथे होतो. मामा होते. पाच-सहा बायका होत्या. शिवणकामवाली बाईही होती. त्या दिवसापासून ती आपल्या घागरीजवळच बसून राहायची, मांडीवर काजबटणाचं काम घेऊन.

मुलीने वीस प्रश्नांचे चारच केले होते, त्यातला पहिला तिने वाचला. "आज्जी, कल्की आला की तो लोकांत मिसळंल का एकटा राहील?"

"त्याला कशाला मिसळायलंय? काम करायला आला का लग्नाला?" अव्वा म्हणाली.

"मिसळला की पावणे निघतेत," एक बाई म्हणाली. "मग म्हणतेत, आमच्या घरी आधी टँकर लावा."

सगळ्या हसल्या. मुलीने बोट दाबलं. अंतर्मुख.

पुढचा प्रश्न होता निर्णय डोक्याने की मनाने. यावर बायकांची दोन मतं पडली. एक म्हणाली देवाला दया पाहिजे. दुसरी म्हणाली, दया आली की तो पहिल्यांदा रडणाऱ्याला पाणी देणार आणि गावात रडता येणाऱ्या बायका कमी नाहीत. तिने दोघींची नावं घेतली. नावं घेतलेल्यांपैकी एक तिथेच बसली होती, तिने पदर तोंडाला लावून रडायचं सोंग केलं. मामांनी शिट्टी मारली.

अव्वा म्हणाली, "डोक्यानं. मनाचं ऐकलं की वळ मोडती." वळ म्हणजे ओळ.

मला एक गोष्ट दिसत होती. याच बायकांना त्यांचा स्वतःचा स्वभाव विचारला असता तर एकीनेही तोंड उघडलं नसतं. 'आमचा कसला सभाव' म्हणून उठून गेल्या असत्या. देवाचा विचारल्यावर प्रत्येकीला ठाम माहीत होतं.

मुलगी पुढचा प्रश्न वाचायला लागली. "तो बारीकसारीक बघतो, का लांबचं बघतो?"

अव्वा म्हणाली, "देव हाय तो. त्याला समदं दिसतं."

तोवर गप्प असलेल्या शिवणकामवाल्या बाईने दोरा दाताने तोडला. "घोड्यावर बसलेल्याला खालची घागर काय दिसायलीय?"

"दिसती."

"मग माझी मागं गेली तवा कुठं बगत हुता?"

मामांनी विडी काढली आणि पेटवली नाही. मुलीने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता अव्वा तिला दोन शब्द सुनावणार, कारण उलट बोललेलं तिने कधी खपवून घेतलेलं नाही.

अव्वा म्हणाली, "तुझी घागर म्या मागं सारली. त्याला कशाला बोलायलीस? त्यानं न्हाई सारली. मला हिरवं-निळं एकच दिसतंय." आणि थोडं थांबून, "दिवाळीपासून."

बाई काम खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. मलाही हे माहीत नव्हतं. टँकर सुरू झाल्यापासून अव्वा रंगावर नाही तर चिंधीची गाठ चाचपून ओळ लावत होती. वारा सुटला त्या दिवशी गाठी चाचपायला वेळ मिळाला नाही.

"मग सांग," बाईचा आवाज खाली आला होता. "लांबचं बघणारा पाहिजे का बारीक?"

"बारीक," अव्वा म्हणाली. "तलवारीचं काम कोण बी करतंय. चार मुडदे पाडले आन् गेला घोडा घेऊन. माघारी वळ कोण लावायची?"

मुलीने हळूच मोबाइल सरळ केला आणि बोट दाबलं. शेवटचा प्रश्न राहिला होता. "आज्जी, तो सगळं आखून, ठरलेल्या वेळी येतो का मनात येईल तेव्हा?"

"ठरलेल्या येळंला. युग सरल्याबिगर न्हाई."

"युग कधी सरतंय, अप्पा?"

हे मात्र मला माहीत होतं, कारण सप्ताहातल्या त्या प्रवचनानंतर मी पंचांग काढून पाहिलं होतं. मी सांगितलं. कलियुग एकूण चार लाख बत्तीस हजार वर्षांचं. त्यातली पाच हजारांवर गेली. राहिली चार लाख सव्वीस हजारांच्या पुढे.

मामा म्हणाले, "मग जिल्हा आधी हुतोय की!"

हशा इतका झाला की पलीकडच्या गल्लीतली माणसं टँकर आला समजून बाहेर आली. मुलीने उत्तर वाचून दाखवलं. अंतर्मुख, बारीक पाहणारा, डोक्याने ठरवणारा, आखून वागणारा. तिच्या यादीत या प्रकाराच्या माणसांना शोभणारी कामं दिलेली होती: हिशेबनीस, तपासनीस, गोदामपाल.

"अगंबाई, कलकी म्हंजे मुनीम!" एक बाई माझ्याकडे बघून ओरडली. मी तिथून उठून दुकानाला गेलो.

अव्वा हसली नव्हती हे मला नंतर मुलीने सांगितलं. चार लाखांचा आकडा ऐकून ती विचारात पडली असेल, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. माझ्या आकड्यांचं तिला आयुष्यात कधी काही वाटलेलं नाही. दिवे लागायच्या वेळी मी घरी आलो तर ती दारात बसली होती आणि समोर शिवणकामवाली बाई.

अव्वा तिला सांगत होती, "म्या न्हाई तवर तू बसायचं. पंधरा दिस. मशीन ओट्यावर आण. तुझी स्वताची घागर पुढं लावलीस तर मला कळतंय."

"तुला कसं कळतंय नांदेडात बसून?"

"म्या आल्यावर समदे सांगतेत की."

बाई गेल्यावर मी विचारलं, तिलाच का. गल्लीत दुसरंही कुणी बसलं असतं.

"तिला बारीक दिसतंय," अव्वा म्हणाली. "आन् तिला कुणाला सोडायची सवय न्हाई. मला तरी सोडली का?" मग तिने विचारलं, "त्यो डाक्टर कंच्या वारी बसतोय?"

एसटीने निघालो तेव्हा मी, अव्वा आणि मुलगी होतो. मुखेडच्या पुढे रस्त्याकडेला बायका घागरी घेऊन चालत होत्या. अव्वाला त्या दिसल्या नसाव्यात, पण गाडी थांबली तिथे तिने खिडकीतून आवाज ऐकून विचारलं, "हितं बी टँकरच का?" नांदेडला बहिणीकडे नळ सोडून तिने हात धुतले आणि लगेच नळ बंद केला, आम्हाला कुणालाही जास्त सोडू दिला नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. ते माझ्याशी बोलत होते. आजींना मधुमेह आहे का, आजी औषधं घेतात का, आजींना भीती वाटते का. दोन-तीन प्रश्न झाल्यावर अव्वा म्हणाली, "डोळा माझा हाय. मला विचारा." डॉक्टर खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं: डोळ्यात भिंग बसवतात, फार वेळ लागत नाही, डोक्यावरून अंघोळ काही दिवस नाही, धुरापुढे बसायचं नाही, वाकून ओझं उचलायचं नाही. अव्वाने विचारलं, "हिरवं आन् निळं येगळं दिसंल का?" दिसेल, म्हणाले. "शंभर टक्के?" असं कुणीच सांगत नाही, ते म्हणाले, मागचा पडदा चांगला आहे, म्हणून मला आशा आहे. हे खरं बोललेलं तिला आवडलं असावं. तिने कागदावर अंगठा उठवला.

आत नेताना तिच्या गळ्यातलं लिंग काढून द्यावं लागेल असं परिचारिका म्हणाली. मी मध्ये पडणार होतो. अव्वाने मला थांबवलं, परिचारिकेशी बोलली, आणि त्यांचं काय ठरलं ते मला ठाऊक नाही, पण लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून तिच्या डाव्या मुठीत राहिलं. मुलगी बाहेर बाकड्यावर माझ्याशेजारी बसून होती. कॉलेजातल्या मैत्रिणींना तिने कल्कीचा निकाल कळवला होता आणि त्या तिची चेष्टा करत होत्या. मुनीम घोड्यावर कसा बसेल म्हणून. ती एकेकीला उत्तर लिहीत होती आणि आपलं म्हणणं सोडत नव्हती. मी तिला विचारलं, हे शिक्षण पूर्ण झाल्यावर काय करणार. ती म्हणाली, हेच. मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरली, अव्वाने सांगितली. भिंतीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती म्हणून त्यांनी आकृत्या दाखवल्या, त्याही सांगितल्या. मग ती न विचारता सांगायला लागली. परिचारिकेच्या ओढणीचा काठ जांभळा आहे. खिडकीच्या गजाला गंज आहे. माझ्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं आहे.

"कुणी शिवलं?"

"मीच," मी म्हणालो.

"दिसतंयच."

डॉक्टर हसत कागदावर औषधं लिहीत होते. थेंब किती वेळा घालायचे, कधी दाखवायला यायचं. कागद मला देऊन ते उठायला लागले, तेव्हा अव्वाने टेबलावर हात ठेवला.

"डावा कवा करायचा?"

"घाई नाही, आजी. हा नीट बरा होऊ दे. महिनाभराने बघू. पावसाळा झाल्यावर केला तरी चालेल."

"बगू न्हाई," अव्वा म्हणाली. "महिना म्हणालाव न्हवं? मग तारीख घाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अव्वाकडे बोट दाखवलं. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि तिच्या समोर धरलं. अव्वाने उजव्या डोळ्याने ते पाहिलं, वाचता येत नसलं तरी लाल आणि काळे दिवस कुठले ते तिला कळत होतं. तिने एका काळ्या दिवसावर बोट ठेवलं.